एकाच नदीकाठची दोन शहरे

जन्माचे गाव कोणी निवडत नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला तर राहण्याचे गावही निवडावे लागले नाही. वाडी, विहीर, चर्च आणि चर्चच्या आवारातील दफनभूमी ही आयुष्याची चार ठिकाणे आधीच ठरलेली असत. आमच्या पिढीने पोटासाठी मुंबईची गाडी धरली खरी, पण रात्रीचा मुक्काम वसईलाच केला. आज मुलांच्या पिढीपुढे साऱ्या जगाचा नकाशा पसरलेला आहे. कोणत्या शहरात घर करावे, हा प्रश्न आता आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत विचारला जातो. रात्री उशिरा फोन वाजतो आणि सातासमुद्रापलीकडून लेक विचारते, “आई, तुला काय वाटते?”

माझ्या लेकीच्या घरी हा प्रश्न आला तो अमेरिकेच्या दक्षिण भागात, टेनेसी राज्यात. लेक परिचारिका आहे आणि जावई अभियंता. चार वर्षे ती चॅटानूगा नावाच्या शहरात भाड्याने राहत होती. पुढे जावयांना त्याच नदीवर वरच्या अंगाला असलेल्या नॉक्सव्हिल शहराजवळ दुसरी नोकरी चालून आली. दोन्ही नोकऱ्यांचा पगार जवळजवळ सारखाच होता. लेकीसारख्या परिचारिकेला तर कोठेही काम मिळते. तेव्हा निर्णय करायचा होता तो केवळ शहराचा. २०२३ साली मी सहा महिने त्यांच्याकडे होते. त्या मुक्कामातील बहुतेक काळ चॅटानूगात गेला आणि पाच-सहा आठवडे नॉक्सव्हिलला एका स्नेह्यांच्या घरी काढले. त्यामुळे दोन्ही शहरे मला पाहुणीच्या नजरेने नव्हे, तर भाजी आणणाऱ्या, नातवंडांना फिरायला नेणाऱ्या बाईच्या नजरेने पाहता आली.

ही दोन्ही शहरे आपल्या मानाने लहानच म्हणायची. २०२०च्या जनगणनेनुसार चॅटानूगाची वस्ती सुमारे १ लाख ८१ हजार आणि नॉक्सव्हिलची सुमारे १ लाख ९१ हजार. आपल्या वसई-विरारची वस्ती २०११ सालीच बारा लाखांच्या वर गेली होती. दोन शहरांमधले अंतर सुमारे १८० किलोमीटर. मोटारीने दोन तासांच्या आत संपणारे. होल्स्टन आणि फ्रेंच ब्रॉड या दोन नद्यांचा संगम नॉक्सव्हिलजवळ होतो आणि तेथूनच त्यांच्या एकत्र प्रवाहाला टेनेसी नदी हे नाव मिळते. ती वाहत वाहत चॅटानूगाला पोहोचते आणि तेथील डोंगरांना मोठे वळण घेते. नॉक्सव्हिलला ज्या पाण्यात आपण पाय बुडवावेत, तेच पाणी पुढे चॅटानूगाच्या पुलाखालून जाते.

जावयांनी एक तक्ता तयार केला होता. डाव्या रकान्यात एक शहर, उजव्या रकान्यात दुसरे. घरांच्या किमती, शाळा, हवामान, कर, विमानतळ. कराच्या बाबतीत तर दोन्हीकडे बरोबरीच होती. टेनेसी राज्य पगारावर प्राप्तिकर घेत नाही, पण दुकानातील खरेदीवर दोन्ही शहरांत शंभर डॉलरमागे सव्वानऊ डॉलर कर भरावा लागतो. धान्य-भाजीवर तो काहीसा कमी आहे, एवढेच. पगारदाराला ही व्यवस्था मानवते. ज्याची मिळकत सारी खाण्यापिण्यातच संपते, त्याला ती जड जाते. उन्हाळा दोन्हीकडे दमट, आपल्या ऑक्टोबरची आठवण करून देणारा. हिवाळ्यात बर्फ पडते, पण फार टिकत नाही. डोंगर दोन्हीकडे जवळ. चॅटानूगाच्या डोक्यावर लुकआउट डोंगर उभा आहे आणि १८९५ पासून चालणारी चढणीची रेल्वे प्रवाशांना त्याच्या माथ्यावर नेते. नॉक्सव्हिलहून तासा-दीड तासात ग्रेट स्मोकी पर्वतराजी गाठता येते. १९३४ साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

तक्ता असा बरोबरीत सुटला तेव्हा मी शहरांचा इतिहास चाळू लागले. वधूवरांची स्थळे पाहताना आपण पगाराबरोबर घराण्याचीही चौकशी करतोच की! आणि मौज अशी, की या दोन्ही शहरांना एकेकाळी चारचौघांत अपमान सोसावा लागला होता. त्या अपमानाला प्रत्येकाने दिलेले उत्तर निराळे आहे आणि त्यातच त्यांचे स्वभाव उघडे पडतात.

नॉक्सव्हिलची पाळी आधी आली. जॉन गुंथर या पत्रकाराने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेवरील ग्रंथात, आपण या देशात पाहिलेले हे सर्वांत कुरूप शहर, अशा आशयाचा शेरा मारला. कापडगिरण्यांचा आणि कोळशाच्या धुराचा तो काळ होता. शहर दुखावले. नागरिकांनी डॉगवुड नावाच्या पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या झाडांचे मार्ग आखले आणि १९६१ पासून त्या फुलांचा वसंतोत्सव सुरू झाला. ‘कुरूप’ म्हणता काय, मग या एप्रिलमध्ये बघायला, असे ते उत्तर होते.

चॅटानूगाचा अपमान अधिक गंभीर होता, कारण तो खरा होता आणि आकड्यांत मांडलेला होता. ओतीव लोखंडाच्या कारखान्यांचे हे शहर डोंगरांच्या खोलगटात वसलेले. धूर वर जाईना, अडकून राही. १९६९ साली केंद्र सरकारच्या पाहणीत, देशातील सर्वांत दूषित हवेचे शहर म्हणून त्याचे नाव आले. भर दुपारी मोटारींचे दिवे लावावे लागत, असे जुनी माणसे सांगतात. अशा दुखण्यावर फुलझाडे लावून भागत नाही. त्याच वर्षी शहराने हवेसंबंधी कडक कायदा केला, कारखान्यांना धूर गाळणे भाग पाडले आणि वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, केंद्राच्या आरोग्यविषयक सर्व कसोट्यांना त्याची हवा उतरली.

हवा सुधारली, पण तोपर्यंत कितीतरी कारखाने बंद पडले होते आणि माणसे शहर सोडून चालली होती. १९८४ साली तेथे नागरिकांच्या सभा भरवण्यात आल्या. तुम्हाला हे शहर कसे हवे आहे, असे साध्या माणसांना विचारले गेले आणि त्यातून चाळीस उद्दिष्टांची यादी तयार झाली. १९९२ साली नदीकाठी गोड्या पाण्यातील जलचरांचे मोठे मत्स्यालय उभे राहिले. त्याच वर्षी शहराच्या मध्यभागात विजेवर चालणाऱ्या बसगाड्या विनामूल्य सुरू झाल्या. १८९१ साली वाहतुकीस खुला झालेला वॉलनट स्ट्रीटचा लोखंडी पूल १९७८ मध्ये वाहनांसाठी बंद झाला होता. तो पाडून टाकावा, असे ठरत आले होते. लोकांनी तो राखला आणि १९९३ साली तो केवळ पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला. २०१० मध्ये तर शहराच्या स्वतःच्या वीजमंडळाने आपल्या क्षेत्रातील घराघरांत अतिवेगवान इंटरनेट पोहोचवले. देशात तसे आधी कोणी केले नव्हते. २०२०च्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांच्या घरी तेच जोड विनामूल्य देण्यात आले. पुढे नॉक्सव्हिलच्या वीजमंडळानेही तोच धडा गिरवला.

त्या पुलावरून मी किती संध्याकाळी चालले असेन, याची गणती नाही. गाडी चालवता न येणाऱ्या वृद्धेला अमेरिकेत पाय असून पांगळे झाल्यासारखे वाटते. दुधासाठीसुद्धा कोणाची तरी गाडी लागते. चॅटानूगाच्या मध्यभागात मात्र मी एकटी हिंडू शकत होते. पुलावर मुले धावत, म्हातारी जोडपी कठड्याला टेकून खालून जाणाऱ्या होड्या पाहत. आपल्याला कोणी आणून सोडलेले नाही, आपण आपल्या पायांनी येथे आलो आहोत, या जाणिवेचे सुख गाडीवाल्यांना कळायचे नाही.

पण पुलाच्या दक्षिण टोकाला एक स्मारक आहे. ते पाहिल्यावर पावले अडखळतात. एड जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला १९०६ साली जमावाने तुरुंगातून ओढून काढले आणि याच पुलावर ठार मारले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिक्षेला स्थगिती दिली होती, तरीही! कैद्याचे रक्षण न केल्याबद्दल त्या न्यायालयाने पुढे शेरीफला स्वतः दोषी ठरवले. एड जॉन्सनचे स्मारक व्हायला मात्र २०२१ साल उजाडावे लागले. थोड्याच अंतरावर, ज्या धक्क्यापासून हे शहर सुरू झाले तेथे, चेरोकी आदिवासींची आठवण कोरलेली आहे. १८३८ साली त्यांना आपल्या भूमीतून हाकलून पश्चिमेकडे नेण्यात आले. नॉक्सव्हिलचा इतिहासही याबाबतीत निर्मळ नाही. तेथे शहरसुधारणेच्या नावाखाली कृष्णवर्णीयांच्या वस्त्या उठवण्यात आल्या. नगरपरिषदेने २०२० साली त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. सुंदर नदीकाठ पाहताना तो कोणाच्या अंगणावर उभा आहे, हे विचारलेच पाहिजे. आपल्याकडेही हा प्रश्न विचारण्यासारखी ठिकाणे कमी नाहीत.

नॉक्सव्हिलने १९८२ साली ऊर्जा या विषयावर जागतिक प्रदर्शन भरवले. एक कोटीहून अधिक लोक ते पाहून गेले. सोनेरी काचांचा गोल डोक्यावर घेतलेला मनोरा त्याची आठवण म्हणून आजही उभा आहे. मात्र प्रदर्शन संपून चार महिने होत नाहीत, तोच त्याच्या प्रमुख पुरस्कर्त्याची बँक बुडाली. तरीही शहर डगमगले नाही. त्याचे कारण मला हळूहळू कळले. नॉक्सव्हिल उत्सवांवर उभे नाही, ते जुन्या संस्थांवर उभे आहे. १७९४ साली स्थापन झालेले आणि आज तीस हजारांहून अधिक विद्यार्थी असलेले विद्यापीठ तेथे आहे. नदीवर धरणे बांधून साऱ्या खोऱ्यात वीज नेणाऱ्या, १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे मुख्यालय तेथेच आहे. पश्चिमेला ओक रिजचे संशोधनक्षेत्र आहे. हिरोशिमावर पडलेल्या बाँबचे युरेनियम तेथे तयार झाले होते, हेही विसरता येत नाही. शरद ऋतूत फुटबॉलच्या सामन्याला नारिंगी कपड्यांतील एक लाख माणसे क्रीडांगणात जमतात. काहीजण तर नदीतून होड्या हाकत येतात आणि क्रीडांगणाजवळच नांगर टाकतात. गर्दी ओसरली की मात्र शहर मला थोडे पांगलेले वाटे. मध्यभागातील बाजारचौक रम्य आहे, विनामूल्य ट्रॉली-बसही आहे, पण स्नेह्यांचे घर दूर उपनगरात होते आणि मी पुन्हा खिडकीशी बसलेली.

आपल्या वाचकांना चर्चविषयी उत्सुकता असणार. पूर्व टेनेसीत कॅथलिक अगदी थोडे, बहुसंख्य लोक बाप्तिस्त व इतर पंथांचे. दोन्ही शहरे १९८८ साली स्थापन झालेल्या नॉक्सव्हिल धर्मप्रांतात येतात. नॉक्सव्हिलचे घुमटाचे भव्य कॅथीड्रल २०१८ मध्ये समर्पित झाले. चॅटानूगाचे संत पेत्र व संत पौल यांचे चर्च १८९० सालचे, २०११ पासून बॅसिलिका. दोन्ही शहरांत स्पॅनिश भाषेत मिस्सा होतात आणि त्यांना मेक्सिको, ग्वाटेमालाकडील कष्टकरी कुटुंबे येतात. आपला देश सोडून आलेल्या माणसाला धर्मग्राम म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येते.

त्या बॅसिलिकेत फादर पॅट्रिक रायन यांचे अवशेष आहेत. १८७८ साली चॅटानूगात पिवळ्या तापाची साथ आली. ज्यांना शक्य होते ते बहुतेक लोक पळाले. हे आयरिश धर्मगुरू थांबले. घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करताना त्यांनाच ताप चढला आणि सप्टेंबरात ते वारले. वय अवघे तेहतीस. त्यांना संतपद मिळावे म्हणून प्रक्रिया सुरू आहे. साथीत कोण पळाले, हे शहराने लिहून ठेवले नाही. कोण थांबले, ते मात्र दीडशे वर्षे सांभाळले.

एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल, की माझे मन चॅटानूगाकडे झुकले होते. पडलेले आणि स्वतःच्या हाताने उठलेले शहर मला आपले वाटू लागले होते. लेकीचेही तसेच. जावईसुद्धा तेथील मोटार-कारखान्यात रुळले होते. तक्त्यात शेवटी चॅटानूगाचीच बाजू वरचढ झाली.

परंतु तक्त्यात एक गोष्ट कोणी लिहिली नव्हती, कारण ती सर्वांच्या मनात होती. माझी धाकटी नात तेव्हा सहा वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. यंत्राचा उपयोग तिला फारसा झाला नाही. ती खुणांच्या भाषेत बोलते. माझे इंग्रजी ऐकून शेजारणी अजून कपाळाला आठ्या घालतात, पण नातीच्या भाषेत मी बरी प्रगती केली. तीन बोटे उभी धरून हनुवटीला टेकवली की ते ‘पाणी’. मिस्सेत फादरांचे प्रवचन चालू असताना लेक मांडीवरच्या मांडीवर हात हलवून तिला त्याचे सार सांगे आणि नात मध्येच प्रश्न विचारी. सारे चर्च ऐकत असे, आणि या दोघी तेवढ्या बोलत असत.

चॅटानूगाच्या शाळेत तिला मदतनीस मिळत होती. शिक्षिका प्रेमळ होत्या. पण मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलणारे मूल एकही नव्हते. सारा वर्ग खेळे आणि ती भिंतीशी उभी राही. घरी आल्यावर तिचे हात कितीतरी वेळ अखंड बोलत राहायचे, दिवसभराचे साठलेले.

नॉक्सव्हिलला टेनेसी राज्याची बधिर मुलांची शाळा आहे. ती १८४४ साली स्थापन झाली. अमेरिकेतील यादवी युद्धात तिच्या इमारतीत सैनिकांचे रुग्णालय झाले होते. युद्ध संपले आणि शाळा पुन्हा भरली. १९२४ पासून ती नदीकाठी आयलंड होम नावाच्या भागात आहे. दूरच्या मुलांसाठी वसतिगृह आहे, जवळची मुले रोज घरून येतात. आम्ही ती पाहायला गेलो, तेव्हा मधली सुट्टीच होती. अंगणात पन्नासएक मुले असतील. आवाज म्हणाल तर पायांचा आणि हसण्याचा. पण हात? माळावर पाखरांचा थवा उतरावा तसे हात! नात क्षणभर माझा पदर धरून उभी राहिली. मग एका मुलीने तिला काही विचारले, तिने उत्तर दिले, आणि पदर सुटला.

चॅटानूगातच राहायचे, तर एवढीशी पोर आठवड्याचे पाच दिवस वसतिगृहात ठेवावी लागणार होती. त्या रात्री तक्ता कोणी उघडला नाही. जावई म्हणाले, “आई, तुम्हाला येथे पायी कुठे जाता येणार नाही.” मी म्हटले, “मी सत्तर वर्षे चालले. आता तिला बोलू द्या.”

त्यांनी नॉक्सव्हिलला घर घेतले. शाळेपासून गाडीने पंधरा मिनिटांवर. मी वसईला परतले. पुन्हा जाणे होईल तेव्हा होईल.

या साऱ्याचा विचार करताना एक गोष्ट मला उमगली आणि ती सांगावी म्हणूनच हा लेखनप्रपंच. शहरांची तुलना आपण कमावत्या माणसाच्या सोयीने करतो. पगार, घर, रस्ते, विमानतळ. पण शहराची खरी परीक्षा त्या घरातील सर्वांत अशक्त माणसावरून होते. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला चालवत नाही, ज्याला तेथील भाषा येत नाही, त्याला ते शहर काय देते? माझ्या म्हातारपणाला विचाराल तर चॅटानूगा बरे. नातीच्या बालपणाला विचाराल तर नॉक्सव्हिल. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि कोणते आधी ऐकायचे, हे घराने ठरवायचे असते.

दुसरे असे, की पडलेले शहर उभे करणाऱ्यांचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण पावणेदोनशे वर्षे गाजावाजा न करता दर सकाळी एका शाळेचे दार उघडणाऱ्यांचेही शहरावर तेवढेच ऋण असते. त्यांची बातमी होत नाही, इतकेच.

आपल्या मुलांचा असा फोन आला, तर त्यांना अवश्य सल्ला द्या. मात्र तो देण्यापूर्वी आपल्या गावालाही हाच प्रश्न विचारून पाहा. वसईतले माझे घर स्टेशनपासून वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. त्या वाटेवर एखाद्या बधिर मुलीने किंवा काठी टेकणाऱ्या आजीने एकटीने चालावे, अशी सोय आपण ठेवली आहे का? आपल्या धर्मग्रामात प्रवचन हातांनी सांगणारे कोणी आहे का? हिरवी वसई आपण सर्वांनी मिळून राखायला निघालो होतो. या प्रश्नांची उत्तरेही मिळूनच शोधावी लागतील.

आता दर रविवारी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर नात दिसते. माझा आवाज तिला लागत नाही, म्हणून मी फोन मेजावर उभा करते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. परवा तिने मला ‘नदी’ची खूण शिकवली. आधी ‘पाणी’, मग दोन्ही हातांच्या लाटा एका बाजूने पुढे वाहत जातात. तिच्या शाळेजवळून निघालेली ती नदी पुढे माझ्या पुलाखालून जाते, हे मी तिला सांगितले. ते सांगायला मला एकही शब्द लागला नाही.